हवालदाराच्या पोटात काय होतं

आमच्या खाडीकाठच्या मासे-संशोधन केंद्रावर एक बाई तीस वर्षं माशांची पोटं उघडायच्या. मी तिथला बोटवाला. मासे मी आणायचे आणि पोटं त्यांनी उघडायची, अशी आमची वाटणी. पाठीमागे सगळे त्यांना 'पोटवाल्या बाई' म्हणत आणि तोंडावर नुसतं 'बाई'. दोन्ही त्यांना ठाऊक होतं आणि कशाचंच त्यांना काही वाटत नसे. त्यांच्याविषयी सांगायला बसलोय खरा, पण यातली एक गोष्ट माझी आहे, आणि ती सांगायची नसती तर मी बसलोच नसतो.

बाई घड्याळजीची लेक. वडिलांच्या दुकानात काउंटरमागे बसून चिमट्याने चाकं आणि स्क्रू उचलता उचलता मोठ्या झाल्या. मग वडिलांची नजर गेली, घड्याळं बॅटरीची झाली, दुकान बसलं, आणि बाई केंद्रात काचेची भांडी धुण्याच्या कामाला लागल्या. पहिल्याच महिन्यात मोठ्या साहेबांनी पाहिलं की धुवायला आलेल्या बश्यांत उरलेला चुरा ही बाई फेकत नाही. गोगलगायी एकीकडे, खेकड्यांचे पाय एकीकडे असं निवडून ठेवते आणि मग बशी धुते. साहेबांनी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, एकत्र टाकवलं नाही. आठवड्याभरात धुण्याला दुसरी बाई आली आणि ह्या मायक्रोस्कोपसमोर बसल्या. चिमटा मात्र केंद्राचा कधी वापरला नाही. वडिलांचाच आणला घरून.

त्यांची खोली जिन्याखालची, लांबट. एका बाजूला खिडकी, खिडकीखाली टेबल, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत बरण्या. फॉर्मलिनच्या वासाने आत पाऊल टाकताच डोळे चुरचुरायचे. बाई नाकाला रुमाल बांधून बसत. छोट्या कात्रीने पोट चिरायचं, आतलं काचेच्या बशीत काढायचं, वर पाण्याचे दोन थेंब, आणि मग निवडायला सुरुवात. काय आहे, किती आहे, सगळं वहीत. वहीला शेवटी एक रकाना असे, 'शेरा'. तो बहुतेक रिकामाच राही, कारण बाईंना शेरे मारायची सवय नव्हती.

पोटांचं वेड घरीही सुटलं नव्हतं. शेजारच्या बायका बाजारातून मासा आणला की साफ करण्याआधी बाईंकडे घेऊन येत, बघा हो याने काय खाल्लंय. बाई बघून सांगत आणि तोच मासा त्यांच्याकडे जेवायला जाऊन चवीने खात. मी एकदा म्हणालो, बाई, तुम्हाला किळस कशी येत नाही? त्या म्हणाल्या, किळस कसली? माशाचं एक बरं असतं, त्याच्या पोटात एक आणि ओठात एक असं नसतं. मी हसलो होतो तेव्हा.

आता त्या गवताचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. केंद्रासमोरच्या उथळ खाडीत, कंबरभर पाण्याखाली, समुद्रगवताचा मोठा पट्टा होता. वरून बोट नेली की खाली हिरवंगार रान वाऱ्यावर डुलल्यासारखं हलताना दिसायचं. शाळेची मुलं केंद्र बघायला आली की बाई त्यांना ते समजावून सांगत, आणि सांगताना नावं स्वतःची वापरत. गवताच्या पानांवर सतत बुळबुळीत शेवाळ धरतं. ते खरवडून खाणारे म्हणजे झाडूवाले: तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी आणि पिसवांसारखे उड्या मारणारे किडे. झाडूवाल्यांना खाणारे ते बोटभरे, म्हणजे बोटाएवढे मासे, आणि लहान खेकडे. आणि बोटभऱ्यांना, खेकड्यांना खाणारा तो हवालदार. हे नाव मात्र माझं. वीतभर लांबीचा मासा, अंगावर रुंद काळा पट्टा, आणि गवतावरून असा संथ फिरायचा की गस्तच घालतोय. बाई मुलांना विचारत, हवालदार नसला तर काय होईल? एखादं हुशार पोर सांगे, बोटभरे वाढतील. मग? झाडूवाले संपतील. मग? पानं कोण साफ करणार? बाई म्हणत, झालं तर मग, गवताचा श्वास कोंडला.

हे सगळं बाईंनी पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं. मी आणलेल्या हजारो माशांच्या पोटांतून निवडून निवडून त्यांना ते कळलं होतं.

मग ते वर्ष आलं. बाजारात ज्याला भाव असतो त्या मोठ्या माशाची आवक घटली. त्याची पिल्लं याच गवतात लपून वाढतात. ती कोण खातं याचा शोध लावायचं मोठ्या साहेबांनी मनावर घेतलं. मला हुकूम झाला: सहा आठवडे, दर मंगळवारी सकाळी साडेआठला गवतात जाळं ओढायचं. नियम एकच आणि तो जुनाच. मासा पाण्याबाहेर आला की तिथल्या तिथे निवडून फॉर्मलिनच्या बरणीत. म्हणजे तो मरतो आणि पोटातलं जसंच्या तसं राहतं. बरणीच्या चिठ्ठीवर दोन वेळा लिहायच्या, जाळं कधी काढलं आणि बरणी कधी भरली.

त्याच दिवसांत माझ्या लेकीला मुलगी झाली. जेमतेम सव्वादोन किलोची. लेक राहायची खाडीच्या पलीकडच्या काठावर. नऊ वाजता नातीला अंघोळ घालत. ती पाण्यात हात मारायची आणि मग तासभर टक्क जागी राहून माझ्याकडे बघायची. पहिल्या मंगळवारी जाळं ओढलं, बोटीत बसलो, घड्याळात पाहिलं. मासे निवडून बरण्या भरायला तास सहज जाणार. बोटीत एक निळं पिंप असायचं, केंद्राच्या टाकीसाठी जिवंत मासे आणायचं. मी त्यात समुद्राचं पाणी भरलं, जाळ्यातलं सगळं त्यात ओतलं आणि पलीकडे गेलो. म्हटलं, जिवंत तर आहेत, कुठे जातायत? आल्यावर भरू.

साडेबाराला परत आलो. पिंपाचं झाकण उघडलं तर एका हवालदाराच्या तोंडातून एक शेपटी बाहेर लोंबत होती. बाजारच्या माशाचं पिल्लू. पिंपात पिल्लं भरपूर ओतली होती, आता चारपाचच उरली होती. गवतात ती पानांमागे दडतात, हवालदाराच्या हाती लागत नाहीत. पिंपात कुठे दडणार? मी बघितलं आणि मला हसू आलं. 'जेवा, महाराज,' असं मी त्याला म्हणालोसुद्धा. मग बरण्या भरल्या आणि चिठ्ठीवर दोन्हीकडे साडेआठ लिहिलं.

असे सहा मंगळवार. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पंचवीस वर्षं मी त्या केंद्रात मासे वाहत होतो.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात बाई धक्क्यावर आल्या. एरवी त्या धक्क्यावर येत नसत, ऊन सोसायचं नाही त्यांना. रुमाल गळ्याशी ओढलेला. त्यांनी विचारलं, 'बोटवाले, जाळं काढल्यावर मासे बरणीत कधी घालता?'

मी म्हणालो, 'लगेच.'

'लगेच म्हणजे?'

'लगेच म्हणजे लगेच. चिठ्ठीवर लिहिलंय की.'

मग त्यांनी नातीचं विचारलं. मी तिचं वजन सांगितलं, ती कशी बघते ते सांगितलं. बाईंना आनंद झाला, आणि त्या परत जिन्याखाली गेल्या.

साहेबांचा अहवाल आला. त्यात हवालदार हा पिल्लांचा मुख्य शत्रू ठरला. पोटातल्या ऐवजाचं वजन केलं तर बाराआणे पिल्लंच होती. हवालदार काढून टाका, पिल्लं वाचतील, असा सल्ला निघाला आणि मच्छीमारांना बारीक जाळी टाकायची मुभा मिळाली. दोन वर्षांत गस्त बंद पडली. बाई म्हणाल्या होत्या, साहेब, एवढी घाई नको, आधीच्या वर्षांच्या वह्या बघा. साहेब म्हणाले, बाई, वही तुमचीच आहे ना?

तिसऱ्या वर्षी बोटीतून खाली पाहिलं तर बोटभऱ्यांचे थवेच्या थवे. चौथ्या वर्षी पानं तपकिरी. हात घातला की शेंबडासारखं शेवाळ बोटांना यायचं. पाचव्या वर्षी गवत मुळापासून सुटून काठाला ढिगाने आलं आणि कुजलं. त्या वासाने केंद्राच्या खिडक्या दोन महिने बंद होत्या. पिल्लांना लपायला जागा राहिली नाही, तेव्हा बाजारचा मासाही गेला. शाळेच्या मुलांना बाई जे सांगायच्या ते सगळं अगदी त्याच क्रमाने झालं.

साहेब तोवर बढती घेऊन गेले होते. मागे राहिल्या बाई. धक्क्यावरचे लोक म्हणू लागले, पोटवालीच्या चष्म्याचा नंबर चुकला आणि आमच्या पोटावर पाय आला. एकजण तर त्यांच्या तोंडावर म्हणाला, आणि मी चार हातांवर दोरी गुंडाळत उभा होतो. मी दोरी गुंडाळतच राहिलो. केंद्रानेही शेवटच्या वर्षी त्यांना मायक्रोस्कोपवरून उठवलं आणि चिठ्ठ्या कापायला बसवलं. रोज चार वाजता आम्ही एकत्र चहा प्यायचो. त्या माझ्या कपात साखर घालायच्या, दीड चमचा, न विचारता. मी तो चहा प्यायचो. हे मी कसं करू शकलो ते मला आजही सांगता येत नाही.

निरोपाच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. बॅटरीचं. बाई हसल्या आणि घेऊन गेल्या.

त्याला चार वर्षं झाली. गेल्या वर्षी केंद्रावर नव्या मॅडम आल्या. तरुण, कामाच्या, बोलायला चांगल्या. जुन्या सगळ्या नोंदी त्या कॉम्प्युटरवर घेत होत्या. गवत परत लावायचं म्हणे, तर आधी इथे कोण कोणाला खात होतं ते कळायला हवं. मी निवृत्त झालो असलो तरी बोट चालवायला मलाच बोलावतात. एका सकाळी बोटीत बसताना त्या सहज म्हणाल्या, त्या आधीच्या बाईंच्या वह्या मी घेणार नाहीये. मी विचारलं, का? तर म्हणाल्या, एका हंगामाच्या नोंदी बाकी कशाशीच जुळत नाहीत. ज्या हाताने त्या केल्या त्याच हाताने तीस वर्षांच्या बाकीच्या. भरवसा कसा ठेवणार? पुढच्या सोमवारी रद्दी जातेय, त्यातच देऊन टाकू.

मी इंजिन सुरू केलं. दिवसभर बोट नीट चालवली.

आठ दिवस मी घरात गप्प होतो. बायकोने विचारलं, दात दुखतोय का? मी हो म्हणालो, तर तिने लवंग दिली आणि मी ती चघळत बसलो. नात आली होती सुट्टीला, अकरा वर्षांची आहे आता, उंच झालीय. ती समोर बसून चित्र काढत होती आणि मला तिच्याकडे बघवेना. तिचा काय दोष? पण ती दिसली की पिंप दिसायचं.

सोमवारच्या आदल्या दिवशी मी बाईंकडे गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतभर वडिलांची जुनी घड्याळं, सगळी चालू, सगळी वेगवेगळी वेळ दाखवणारी. भेट मिळालेलं तेवढं बरोबर. बाईंची नजर आता अधू झाली आहे. वडिलांचंच आलं म्हणाल्या. मला आवाजावरून ओळखलं आणि चहा टाकायला उठल्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. पिंप, शेपटी, साडेबारा, दोन्हीकडे लिहिलेलं साडेआठ. नातीच्या अंघोळीचंही सांगितलं, म्हणजे ते कारण म्हणून थोडं वजनदार वाटेल. सांगता सांगता मलाच लाज वाटली. शेवटी म्हणालो, 'बाई, माझी चूक पोटात घाला.'

भिंतीवरची घड्याळं टकटक करत होती.

'मला तेव्हाच कळलं होतं,' त्या म्हणाल्या. 'पिल्लांचे खवलेसुद्धा सुटले नव्हते. डोळे चमकत होते. आणि त्यांच्याखाली जुनं, अर्धवट विरघळलेलं निराळंच. खेकडे आणि बोटभरे, नेहमीचंच. मी शेऱ्यात लिहिलं, ताजं.'

'मग कोणी विचारलं कसं नाही?'

'साहेबांना वाटलं, सँपल ताजं. खूश झाले. अहो, मासा ताजा असता तर मी ताजा लिहिलं असतं. ताजं म्हणजे त्याने खाल्लेलं. एका काना-अनुस्वाराची गोष्ट.'

मी म्हणालो, तुम्ही साहेबांना तोंडाने का नाही सांगितलंत?

'त्याआधी तुम्हाला विचारायला आले होते ना मी. उन्हात.' त्यांनी हात मांडीवर ठेवले. ते हात अजून अजिबात थरथरत नाहीत. 'तोवर बावीस वर्षं तुम्ही आणलेले मासे मी उघडले होते. तुम्ही लगेच म्हणालात. मासा खोटं बोलत नव्हता, बोटवाले. मी त्याचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं.'

मला रडू आलं. म्हातारा माणूस दुसऱ्याच्या घरी रडतो तेव्हा फार वाईट दिसतं. बाईंना नीट दिसत नव्हतं, याचाही मला तेव्हा आधार वाटला, आणि त्याचीही लाज वाटली. मी पुन्हा तेच म्हणालो, पोटात घाला.

'पोटात घातलेलं काढायचंच काम केलं मी जन्मभर,' बाई म्हणाल्या. 'माझ्याजवळ नका ठेवू. वह्या जिथे आहेत तिथे जाऊन सांगा.'

मग त्यांनी चहा केलाच. चाचपत केला. साखर दीड चमचा.

सोमवारी मी केंद्र उघडायच्या आधी जाऊन दारात बसलो. मॅडम आल्या तेव्हा वह्या व्हरांड्यात सुतळीने बांधून ठेवलेल्या होत्या. मी म्हणालो, त्यातली एक सोडा. त्या वर्षाची. त्यांनी सोडली आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू कठीण होत गेला. त्या मला काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली आणि मीही वाकून पाहिलं. इतकी वर्षं ती वही माझ्यापासून वीस पावलांवर होती आणि मी ती कधी उघडली नव्हती.

सहा मंगळवार, त्रेचाळीस हवालदार. प्रत्येकासमोर शेऱ्यात बारीक, सुबक अक्षरांत: ताजं. ताजं. ताजं. त्याखाली: जुनं — खेकडे, बोटभरे. आणि पान संपतं तिथे एक ओळ: 'जाळं व बरणी यांत अंतर नाही. लगेच. — बोटवाले म्हणतात.'

मॅडमनी मागची पानं चाळली, पुढची चाळली, मग दुसऱ्या वह्याही सोडून चाळल्या. मी त्यांच्या बोटांकडे बघत होतो. बाकी तीस वर्षांत 'म्हणतात' हा शब्द कुठेही नव्हता. होता तो एवढाच, माझ्या नावापुढे.

त्यांनी खिशातून पेन काढलं. 'पिंपात किती वेळ होते?'

'साडेतीन तास. कधी चार.'

'याला पुरावा?'

'काही नाही,' मी म्हणालो. 'माझी नात आहे.'

त्या हसल्या नाहीत. ते सहा आठवडे त्यांनी तिरक्या रेघेने खोडले. बाकीच्या वह्या उचलून आत टेबलावर ठेवायला मला सांगितलं. मी दोन खेपांत ठेवल्या. परत आलो तेव्हा त्या बाईंच्या ओळीखाली लिहीत होत्या. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली, बरोबर आहे का बघा म्हणाल्या.

मी वाचलं. 'सर्व मासे व पिल्लं एकाच पिंपात, साडेतीन ते चार तास. — बोटवाले म्हणतात.'